छोट्या ट्रॉलीवर मुक्कामाची सोय : घरच्या घरी करता येणारे फेरबदल

फळबागांच्या आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात आता वीस-पंचवीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर बरेच दिसू लागले आहेत. त्यांच्यामागे एका आसाची, दोन चाकांची छोटी ट्रॉली असते. शेणखत, कडबा, भाजीपाल्याचे क्रेट, फवारणीचे पाणी अशी पडेल ती कामे ही ट्रॉली करते. मात्र वर्षातील बरेच दिवस ती गोठ्याशेजारी नुसती उभी असते. याच काळात शेतकरी कुटुंबाला घराबाहेर मुक्काम करावा लागण्याचे प्रसंगही येतात. लांबच्या रानात ज्वारीची किंवा कांद्याच्या ढिगाची राखण असते. शेतीपंपाला रात्रीची वीज असेल तेथे पाणी देण्यासाठी रानातच थांबावे लागते. गावची यात्रा असते, आषाढीची वारी असते. अशा वेळी उघड्यावर अंथरूण टाकण्यापेक्षा ट्रॉलीवरच निवाऱ्याची सोय केली तर फार बरे पडते. गावातील वेल्डिंगच्या दुकानाची थोडी मदत घेऊन हे काम दोन-तीन दिवसांत होऊ शकते.

मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही ट्रॉली उभी असताना निवारा आहे. चालत असताना ती केवळ सामानाची गाडी आहे. पुढे सांगितलेला प्रत्येक फेरबदल हे सूत्र धरूनच सुचविला आहे.

चालत्या ट्रॉलीत माणसे का नकोत ?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशातील कानपूर जिल्ह्यात देवदर्शन करून परतणाऱ्या भाविकांची ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यालगतच्या तळ्यात उलटली. त्यात २६ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. आपल्याकडे ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात स्त्रियांचा अंत झाला. या घटना एखाद्याच चालकाच्या दोषावर टाकून भागणार नाही. ट्रॉलीची घडणच माणसे वाहण्यासाठी केलेली नसते. तिला बसण्याची जागा नसते, धरायला काही नसते आणि बहुतेक छोट्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात. एका आसाची ट्रॉली खड्ड्यात किंवा रस्त्याच्या कडेवरून एका बाजूला कलली की आतील माणसे त्याच बाजूला घसरतात. त्यामुळे भार आणखी एका बाजूला जातो आणि ट्रॉली सावरण्याऐवजी उलटते. पोती दोराने बांधता येतात, माणसे बांधता येत नाहीत.

माल वाहण्याच्या ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यालाही मान्य नाही आणि अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईतही अडचण येते. वारीची मूळ पद्धत या बाबतीत आदर्श आहे. दिंडीत माणसे चालतात आणि तंबू, भांडी, शिधा गाडीत जातो. यात्रेला किंवा लांबच्या रानाला जाताना आपणही हीच पद्धत ठेवावी. घरची मंडळी एस.टी.ने, मोटारसायकलवर किंवा पायी जावीत आणि सामान तेवढे ट्रॉलीत न्यावे. ट्रॅक्टरवरही चालकाशिवाय कोणी बसू नये. मडगार्ड ही बसण्याची जागा नव्हे.

फेरबदलाचे तीन नियम

१) सर्व जोडकाम नट-बोल्टने करावे, म्हणजे मुक्काम संपल्यावर अर्ध्या तासात ते काढून ट्रॉली पुन्हा खत-मातीच्या कामाला मोकळी होईल.

२) ट्रॉलीची दांडी, आस आणि खालची चॅनेलची चौकट यांना भोके पाडू नयेत व वेल्डिंग करू नये. सगळा ताण याच भागांवर येतो. वेल्डिंगची उष्णता किंवा जास्तीचे भोक यामुळे तेथे तडा जाण्याची सुरुवात होते. जी काही जोडणी करावयाची ती हौद्याच्या फाळक्यांना करावी.

३) लांबी, रुंदी, वहनक्षमता किंवा नोंदणी पुस्तकात नमूद असलेली कोणतीही बाब बदलू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल परस्पर करता येत नाही. काढता-घालता येणारी मांडणी सुचविण्यामागे हेही एक कारण आहे. काही शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

झोपण्याचा माचा

उदाहरणादाखल २४० सें.मी. लांब, १५० सें.मी. रुंद आणि ४५ सें.मी. उंच फाळक्यांची ट्रॉली धरू. आपल्या ट्रॉलीची मापे वेगळी असल्यास त्याप्रमाणे फरक करावा.

हौद्याच्या तळापासून ४० सें.मी. उंचीवर फळ्यांचा माचा करावा. त्यामुळे फाळक्याची ५ सें.मी. कड वर राहते आणि झोपेत माणूस बाहेर घसरत नाही. माचाखालची जागा सामानाला मिळते. माचासाठी ५० × ५० × ५ मि.मी. मापाचे, १५० सें.मी. लांबीचे चार अँगल आडवे टाकावेत : एक पुढे, एक मागे आणि मधले दोन ८० सें.मी. अंतरावर. फाळक्यांच्या आतील बाजूस बोल्टने आधार बसवून त्यावर हे अँगल टेकवावेत व बोल्टने पक्के करावेत. मधल्या दोन अँगलना मध्यभागी तळापर्यंत एकेक पाय द्यावा. त्यावर १८ मि.मी. जाडीच्या पाण्याने न खराब होणाऱ्या प्लायवूडचे १५० × ८० सें.मी. मापाचे तीन तुकडे ठेवावेत. एका तुकड्याचे वजन तेरा-चौदा किलो भरते, म्हणजे एकट्या माणसालाही तो उचलता येतो. कडांना तेलरंगाचे दोन हात द्यावेत, कारण प्लायवूडमध्ये पाणी कडेतूनच शिरते. अशा माच्यावर दोन मोठी माणसे व एक मूल आरामात झोपू शकते.

उंचावर झोपण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही, त्यामुळे दवाखान्यात पोचायला उशीर होतो. माचा जमिनीपासून बराच उंच असल्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. त्यावर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचाव्यात, म्हणजे डासांचाही बंदोबस्त होतो. दंशाची शंका जरी आली तरी मंत्र-उताऱ्यात वेळ न घालविता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात ताबडतोब न्यावे.

कमानी व छप्पर

छपरासाठी २० मि.मी. व्यासाचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पुरतो. बाजारात तो ६ मीटर लांबीत मिळतो. १५० सें.मी. रुंदीवर अर्धवर्तुळ कमानीला साधारण २३५ सें.मी. पाइप लागतो. दोन्ही बाजूंना ३० सें.मी. सरळ पाय धरले की एक कमान २९५ सें.मी. ची होते. म्हणजे एका पाइपात दोन कमानी निघतात. चार कमानींना दोन पाइप आणि त्यांना जोडणाऱ्या तीन आडव्या दांड्यांना आणखी दोन, असे एकूण चार पाइप पुरेसे होतात. कमान वाकविण्याचे काम शेडनेट किंवा पॉलिहाऊसची जोडणी करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावे. हाताने वाकविलेला पाइप चेपतो आणि तेथेच मोडतो.

फाळक्यांच्या बाहेरील बाजूस, कमानीचा पाइप सहज आत जाईल अशा मोठ्या पाइपचे १५ सें.मी. चे तुकडे बोल्टच्या पट्टीने बसवावेत. या खोबणीत कमानीचा पाय घालून आडवी पिन लावावी. पायाचा उरलेला १५ सें.मी. भाग फाळक्याच्या वर उभा राहतो. त्यामुळे माचापासून छपराची उंची सुमारे ९५ सें.मी. मिळते व आत नीट बसता येते. जस्ताच्या पाइपवर वेल्डिंग करायचेच झाल्यास जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढावा व काम उघड्या हवेत करावे. जळालेल्या जस्ताचा धूर नाकात गेल्यास थंडी वाजून ताप येतो.

छपराला १२ × १८ फुटी ताडपत्री घ्यावी. ती दोन्ही बाजूंना फाळक्याखाली हातभर उतरते आणि पुढच्या-मागच्या तोंडालाही पडदा होतो. दोर हौद्याच्या हुकांना बांधावेत, चाकांना किंवा दांडीला नव्हे. पावसात वरच्या दांडीवर ताडपत्री ताणून घ्यावी, झोळ राहू देऊ नये. झोळात साठलेल्या पाण्याच्या वजनाने कमान वाकते.

निघण्यापूर्वी ताडपत्री आणि कमानी दोन्ही उतरवून माचाखाली बांधाव्यात. त्याने वारा भरत नाही, फांद्या अडत नाहीत. मुख्य म्हणजे, छप्पर उभे दिसले की कोणीतरी आत चढून बसतेच. छप्पर नसले की तो मोह राहत नाही.

वजनाची मांडणी

माचा, अँगल, कमानी आणि ताडपत्री मिळून एक-सव्वा क्विंटल वजन वाढते. त्यात पाणी, शिधा, भांडी व अंथरुणे आली. एका आसाच्या ट्रॉलीत हे वजन किती यापेक्षा ते कोठे ठेवले याला जास्त महत्त्व आहे.

ही ट्रॉली म्हणजे एक तराजूच आहे. आस हा तिचा टेकू. आसाच्या पुढे ठेवलेले वजन दांडीला खाली दाबते आणि मागे ठेवलेले वजन दांडी वर उचलते. समजा, हुकापासून आसापर्यंतचे अंतर २.५ मीटर आहे आणि २०० किलो पाणी आसाच्या पुढे १ मीटरवर ठेवले. मग २०० ला १ ने गुणून २.५ ने भागावे. उत्तर येते ८०, म्हणजे दांडीवर ८० किलो दाब येतो. तेच पाणी आसाच्या मागे १ मीटरवर ठेवले तर दांडी ८० किलो जोराने वर उचलली जाते. अशी ट्रॉली ट्रॅक्टरची मागची चाके हलकी करते, उतारावर डावी-उजवीकडे झुलते आणि ट्रॅक्टरलाही आपल्याबरोबर ओढते.

म्हणून भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार दांडीच्या टोकावर असावा. एकूण वजन १,००० किलो असेल तर हा भार १०० ते १५० किलो येईल. तो फारच वाढला तर छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत हुकावरील भाराची मर्यादा दिलेली असल्यास तीच पाळावी.

हा भार मोजणे अवघड नाही. सपाट जागी ट्रॉली भरावी व चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात. धान्याची पोती मोजण्याच्या काट्यावर लाकडी ठोकळे रचून, हुकाच्या उंचीवर दांडीचे टोक त्यावर टेकवावे. आकडा कमी आल्यास पाण्याचे कॅन पुढे सरकवावेत, जास्त आल्यास मागे. एकूण वजन गावाजवळच्या भुईकाट्यावर एकदा करून घ्यावे.

पाण्यासाठी एकच मोठी टाकी ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाचे, आडवे ठेवता येणारे २० लिटरचे दहा कॅन घ्यावेत. अर्धी रिकामी टाकी वळणावर हिंदकळते आणि सगळे वजन एका बाजूला फेकते. कॅनमध्ये तसे होत नाही. हे कॅन माचाखाली पुढच्या बाजूस दोन थरांत बसतात. धान्य, भांडी आसाच्या आसपास ठेवावीत आणि अंथरुणे मागे. चालत असताना माचावर जड वस्तू ठेवू नये. वजन जितके उंच, तितकी ट्रॉली उलटण्यास सोपी.

हुक, साखळी व दिवे

ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडावी. वरच्या जोडदांड्याच्या जागेला कधीही जोडू नये. मागच्या आसापेक्षा उंच जागेवरून ओढल्यास चढावर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलते आणि तो मागे उलटू शकतो. हुकाच्या पिनेला खालून क्लिप असावी. खिळा किंवा तारेचा तुकडा चालणार नाही. शिवाय दांडी व ट्रॅक्टर यांना जोडणारी साखळी लावावी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली मोकळी सुटणार नाही. वळताना ओढली जाणार नाही इतकीच ती सैल ठेवावी.

रस्त्यावर चालताना ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक-पायपट्टे एकत्र जोडलेली असावीत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॉली आडवी होते. उतारावर गिअर काढू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढता येईल त्याच गिअरमध्ये उतार उतरावा.

मागील फाळक्यावर लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी लावावी. मागचे लाल दिवे व वळणाचे दिवे चालू असल्याची खात्री करावी. उघडलेला फाळका किंवा ताडपत्री यांनी ते झाकले जाऊ नयेत. शक्य असेल तर रात्रीचा प्रवास टाळावा आणि मुक्कामाची जागा दिवसाउजेडी गाठावी.

मुक्कामावर ट्रॉली उभी करताना

बैल सोडण्यापूर्वी आपण बैलगाडीच्या दांडीखाली शिपाई लावतो. येथेही तेच तत्त्व आहे, फक्त टेकू एक नव्हे तर तीन हवेत. प्रथम दोन्ही चाकांना पुढून व मागून पाचरी लावाव्यात. मग दांडीखाली पुढचा टेकू द्यावा आणि हौद्याच्या मागील दोन कोपऱ्यांखाली उंची कमी-जास्त करता येणारे दोन टेकू द्यावेत. तिन्ही टेकू पक्के झाल्याशिवाय कोणी वर चढू नये. मागचे टेकू नसताना दोन माणसे मागच्या कडेवर बसली की दांडी एकदम वर उडते. अशा वेळी दांडीजवळ मूल उभे असेल तर काय होईल हे सांगायला नको. शक्य असेल तर ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवावा.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात टेकू रुततो. १५ × १५ सें.मी. च्या लोखंडी तळाखाली ३० × ३० सें.मी. ची जाड फळी ठेवल्यास टेकण्याचे क्षेत्र चौपट होते आणि रुतणे कमी होते. त्याहून चांगले म्हणजे मुरमाची, किंचित उताराची, पाणी न साचणारी जागा निवडावी. ओढ्या-नाल्याच्या पात्रात, वीजवाहक तारांखाली, एकट्या उंच झाडाखाली आणि विहिरीच्या कडेला मुक्काम करू नये. विजांचा कडकडाट सुरू झाल्यास ताडपत्रीचा निवारा पुरेसा नाही. जवळच्या पक्क्या इमारतीत जावे.

उजेड व चूल

५ वॅटचे तीन एल.ई.डी. दिवे रोज ५ तास लावले तर ७५ वॅट-तास वीज लागते. मोबाइल धरून १२० समजू. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ४८० वॅट-तास असतात, पण तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरावी. म्हणजे दोन रात्री निघतात. ४० वॅटचा सौर पत्रा असेल तर स्वच्छ उन्हात रोजचा खर्च भरून निघतो. आषाढात ढगांमुळे त्यावर भरवसा ठेवू नये. ट्रॅक्टरची बॅटरी दिव्यांसाठी वापरू नये, सकाळी ट्रॅक्टरच चालू होणार नाही. बॅटरी हौद्याबाहेर पुढच्या बाजूस, हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवावी आणि तिच्या धन टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज बसवावा.

स्वयंपाक ट्रॉलीपासून निदान दहा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावा. ताडपत्री चटकन पेट घेते. रब्बीच्या थंडीत शेगडीत निखारे ठेवून पडदे बंद करण्याची चूक कोणी करू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. याच कारणाने पडद्यांच्या वरच्या बाजूस, दोन्ही तोंडांना, वीतभर फट कायम मोकळी ठेवावी.

निघण्यापूर्वी पाहावयाच्या बाबी

टायरची हवा व चाकांचे नट, पिन, क्लिप आणि साखळी, कमानी उतरवून बांधल्या की नाही, पाणी पुढे व अंथरुणे मागे आहेत की नाही, माचा मोकळा आहे की नाही, मागचे दिवे आणि चमकपट्टी, ब्रेक-पायपट्ट्यांची जोडणी. ही यादी लिहून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावी. शेवटी हौद्यात एकदा डोकावून पाहावे. लहान मूल सामानामागे लपून बसलेले असू शकते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, एका ट्रॉलीतून खत, कडबा आणि मुक्काम असे तिन्ही उपयोग साधता येतात व त्यासाठी वेगळी गाडी घेण्याची गरज नाही. थोडे लोखंड, तीन फळ्या, एक ताडपत्री एवढे साहित्य पुरेसे आहे. पण माचावर चढायचे ते मुक्कामाला पोचून, पाचरी व टेकू लावून झाल्यावरच. एवढी शिस्त घरातील सर्वांनी पाळली तर ही सोय सुखाची ठरेल.